शूर्पारकच्या गोदीतली शंभर नावे

पूर्वी शूर्पारक बंदरावर विजयसेन राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व जहाजे बांधणाऱ्या एका सुताराच्या घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. बापाबरोबर फळ्या तासता तासता तो मोठा झाला. लाकडावर नुसता हात फिरवला तरी आतली चीर त्याला कळे. म्हणून भद्रघोष नावाच्या श्रेष्ठीने त्याला आपल्या गोदीच्या पाच अध्यक्षांपैकी एक नेमले. गोदीत तीनशे माणसे काम करीत. सोमिलला टेकडीवर घर मिळाले आणि जाण्या-येण्याला पालखी मिळाली.

एका वर्षी श्रेष्ठीची मालाने भरलेली दोन जहाजे वादळात बुडाली. पश्चिमेचे व्यापारीही नवी जहाजे मागेनासे झाले. तेव्हा श्रेष्ठीने पाचही अध्यक्षांना बोलावून घेतले.

"एवढी माणसं आता पोसवणार नाहीत," तो म्हणाला. "शंभर जणांना काढायचं आहे. नावं तुम्ही ठरवा. पण धक्क्यावरचं जहाज पाण्यात उतरेपर्यंत कोणाला कळता कामा नये. कळलं तर त्यांचे हात चालणार नाहीत."

अध्यक्षांनी ताडपत्रावर शंभर नावे लिहिली. त्यांत त्या पाचांपैकी एकाचेही नाव नव्हते. निदान पालख्या तरी कमी कराव्यात, असे कोणी म्हणाले नाही. सोमिलही म्हणाला नाही.

बाहेर पाणी घेऊन उभ्या असलेल्या सेवकाने अर्धेमुर्धे ऐकले होते. दुसऱ्या दिवशी गोदीभर कुजबुज झाली. माणसे काढणार एवढे सगळ्यांना कळले, पण कोणाला, ते कोणालाच कळले नाही. तेव्हापासून तिथे कोणाला चैन पडेना. माणसे जेवायला बसत आणि चार घास खाऊन उठत. अध्यक्षाने कोणाला हाक मारली, कोणाकडे पाहून मान हलवली, यावर सगळ्यांचे डोळे लागलेले असत. वर्षानुवर्षे एका फळीवर काम करणारे सोबती एकमेकांच्या चुका मोजू लागले. पुष्य नावाचा सुतार अंगात ताप घेऊन येई आणि कोणी विचारलेच तर ऊन लागले म्हणून सांगे. सोमिल पालखीतून उतरला की हातोड्यांचे ठोके एकदम जलद होत.

गोदीत काथ्याचे दोर वळणाऱ्या बायकांमध्ये केशिनी नावाची एक बाई होती. ती आणि सोमिल एकाच आळीत वाढली होती. एके दिवशी तिने त्याला वाटेत गाठले.

"दादा, कल्याणच्या गोदीत माझी बहीण आहे. तिथं दोर वळणारीची एक जागा रिकामी झालीय. पौर्णिमेपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवतील. इथलं काम टिकणार असेल तर मला जायचं नाही, सासूला चालवत नाही. पण त्या यादीत माझं नाव असेल तर आत्ताच सांगा."

तिचे नाव यादीत होते. सोमिलने ते स्वतःच्या हाताने लिहिले होते. खोटे बोलणे त्याला कोणत्याही जन्मी जमले नव्हते. म्हणून तो काहीच बोलला नाही. तिच्याकडे पाहून ओशाळवाणे हसला आणि चालू लागला.

तीन दिवसांनी ती भेटली तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. "दादा, तुम्ही हसलात तेव्हाच मी काय ते समजले. जागा दुसरीला द्या, असा कल्याणला निरोप धाडला."

मी खोटे बोललो नाही, असे सोमिलने मनाशी म्हटले. पुन्हा म्हटले. तरी ते त्याला पटेना. तो तसाच श्रेष्ठीकडे गेला.

"नावं आजच सांगू या. त्यांना आपली सोय पाहायला वेळ मिळेल."

"आणि जहाज?"

"उशिरा उतरेल."

भद्रघोषाच्या कपाळाला आठी पडली. "सोमिल, तुला फक्त दहा दिवस गप्प बसायचं आहे."

"तेच माझ्यानं होत नाही," सोमिल म्हणाला.

भर दुपारी तो गोदीतल्या लाकडांच्या ढिगावर उभा राहिला आणि यादी वाचू लागला. एकेक करीत ठोके थांबले. नाव ऐकून कोणी मटकन खाली बसे, कोणी हातातल्या तासणीकडे बघत राही. ज्यांची नावे आली नाहीत तेही सुटल्यासारखे दिसेनात. केशिनीचे नावही सोमिलने तिच्यासमोरच वाचले.

यादी संपताच पुष्य ओरडला, "तुम्हा पाच जणांतलं कोण चाललंय?"

"कोणी नाही."

"का?"

"यादी आम्हीच केली म्हणून."

मातीचे एक ढेकूळ येऊन सोमिलच्या खांद्यावर फुटले. त्याने ते झटकले नाही. केशिनी गर्दीतून पुढे आली. ती रडत नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं. आणि तुम्ही हसलात."

"हो. तोंडानं खोटं बोललो नाही, पण तुला फसवलं. चूक माझी आहे."

"चूक तुमची आणि भोगायचं मी. तुम्ही आता पालखीत बसून टेकडीवर जाल."

या चुकीपायी आपल्यालाही काही द्यावे लागेल, हा विचार तोवर सोमिलच्या मनात आलाच नव्हता. तो ढिगावरून उतरला. बोटातली अध्यक्षपदाची मुद्रा काढून त्याने पालखीवाल्यांच्या हाती दिली आणि म्हणाला, "ही श्रेष्ठींना द्या. यादीत एकशे एक नावं झाली म्हणून सांगा." मग तो केशिनीकडे वळला. "कल्याणला चल. मी त्यांच्याशी बोलतो."

सासूला शेजारणीकडे सोपवून केशिनी निघाली. दोन दिवस चालून, खाडी ओलांडून ती दोघे कल्याणला पोचली. वाटेत ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही.

तिथल्या गोदीचा प्रमुख उग्गसेन म्हणाला, "जागा कालच भरली. पण तू शूर्पारकचा सोमिल ना? मला अध्यक्ष हवाच आहे. घर देतो, पालखी देतो."

सोमिलने विचारले, "अध्यक्षाला जे द्याल त्यात दोर वळणाऱ्या किती जणी राहतील?"

"राहतील दहा-बारा."

"मग मला सुताराचं काम द्या आणि अध्यक्षाऐवजी आमच्या यादीतल्या बारा जणींना घ्या. पहिली ही. लाकूड मी सुतार म्हणूनही पारखून देईन."

उग्गसेनाने होकारार्थी मान हलवली.

बारा जणींना काम मिळाले. उरलेल्यांपैकी काही मासेमारीला गेले, काही रानात लाकूडतोडीला, काहींचा पत्ताच लागला नाही. श्रेष्ठीचे जहाज महिनाभर उशिरा उतरले, पण त्याने यादी बदलली नाही. केशिनीने सासूला कल्याणला आणले. सोमिलशी ती पुन्हा बोलू लागली ती मात्र पावसाळा सरून थंडी पडल्यावर.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध, समोरच्या भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा भद्रघोष म्हणजे आजचा देवदत्त. उग्गसेन सारिपुत्त होता आणि केशिनी ही भिक्षुणी उत्पलवर्णा. सोमिल मी होतो. त्या जन्मी मी सत्याची पारमिता, म्हणजे सत्य पाळण्यातली परिपूर्णता, साधत होतो. नुसत्या गप्प राहण्यानेही ती मोडते, हे मला उत्पलवर्णेने शिकवले."