आग्रहाची वेल

एका राज्यात राजपुत्रापेक्षा एका वेलीची बडदास्त मोठी होती. कारणही तसंच होतं. मांत्रिकानं सातासमुद्रापलीकडून आणलेलं विस्टेरियाच्या वेलीचं रोप राजमातेच्या हाती दिलं, तेव्हा "ही काटकी कसली?" म्हणत राजपुत्र पुष्कर हसला. मांत्रिक म्हणाला, "हिला जांभळे घोस येईतो तू दगड होत जाशील." दर चैत्रात वेल बिनफुलाची राही अन् दगड पायांकडून वीतभर वर चढे. सात चैत्रांत तो छातीखाली आला. पुढची वीत काळजाची होती.

नवरदेवाला मांडवात येता येईना, म्हणून त्याच्या खांड्याशी लग्न लावून तरंगिणीला सासरी आणली. पहिल्याच पंगतीत राजमातेनं तिला चार पुरणपोळ्या वाढल्या.

"बास, आईसाहेब."

"बास कसलं? लाजू नकोस गं!" पाचवी पडली.

मग तीच माया घेऊन राजमाता बागेत गेल्या. वेलीच्या बुडाशी टोपलीभर शेणखत, वर हंडाभर दूध. वेल पानांनी नुसती मातली होती. पोट धरून बसलेल्या तरंगिणीला वाटलं, हिलाही कुणी बास म्हणू दिलेलं नाही.

"बरोबर," वेलीवरची साळुंकी म्हणाली. "तीन कामं कर. हिचं खाणं तोड. थंडीत कोंबांचे दोन-दोन डोळे ठेवून फांद्या छाट. मग हात लावू नकोस."

पहिल्या कामाला राजमाता रडल्या. दुसऱ्याला माळी रुसून गावी गेला. तरंगिणीनं खांडा उचलला.

"माझ्याच तलवारीनं?" पुष्करनं विचारलं.

"लग्न तिच्याशीच लागलंय माझं. घरकामाला नको का लागायला?"

तिसरं काम सर्वांत जड गेलं. चैत्र उजाडला. वेलीवर नुसत्या काड्या. दगड बोटभर वर सरकला. राजमाता दुधाचा हंडा घेऊन धावल्या. तरंगिणी वाटेत आडवी आली.

"सरक! पोर जाईल माझं!"

"बास, आईसाहेब."

राजमाता थबकल्या. हंडा खाली ठेवला.

आठव्या दिवशी काड्यांवर करड्या कळ्या फुगल्या. पानांआधीच जांभळे घोस हातहातभर लोंबले, अन् पुष्करच्या अंगावरचा दगड ओल्या धोतरासारखा गळून पडला.

त्या दिवशीच्या पंगतीत पाचवी पोळी आली, तेव्हा तरंगिणीनं ताटावर हात आडवा धरला. राजमातेनं पोळी मुकाट्यानं शेजारी वळवली.

शेजारी बसलेल्या पुष्करनं काही ताटावर हात धरला नाही. सात वर्षांनी तो पाटावर बसला होता.