इतके दिवस कुठे होतास?

“एवढं एकच वाक्य म्हणायचं, बाबा. म्हणाल ना?”

मेहबूबशा फकिरांनी मान वर केली नाही. पत्र्याच्या सावलीत बसून ते बाज विणत होते. दोरीचा पीळ हाताने सारखा करायचा, आडव्या पट्टीखालून घ्यायचा, ओढायचा.

“कोणतं म्हणलास?”

“ ‘इतके दिवस कुठे होतास, बेटा?’ बस. एवढंच.”

विश्वंभरने मोबाइल बाजेच्या चौकटीवर ठेवला आणि बोट बटणापाशी तयार ठेवलं. पुण्याहून तो पहाटे निघाला होता आणि संध्याकाळी परत पोचायचं होतं. आल्या आल्या बाबांच्या पाया पडला, दिलेला चहा तसाच निवू दिला आणि लगेच कामाला लागला. मोठी झालेली माणसं अशीच वागतात, त्यांना बिचाऱ्यांना वेळच नसतो.

बाबांनी दोरीचं दुसरं टोक त्याच्याकडे सरकवलं.

“हे धर आधी. ढिलं सोडू नको.”

त्याने धरलं.

गावाबाहेरचा हा तकिया. तकिया म्हणजे फकिराची राहायची जागा, आणि वाटेने जाणाऱ्या कोणालाही टेकायची. एक खोली, एक ओटा, पाण्याचा रांजण. शाळेत असताना विश्वंभरचं अर्धं आयुष्य इथेच गेलं होतं. घरी वडील होते, आबा, आणि घरात पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. इथे कोणी काही विचारत नसे. यावं, बसावं, वाटलं तर अंगण झाडावं आणि उठून जावं. बाबांच्या पायाशी बसून तो एवढं एकच शिकला होता, आणि आज त्यावरच त्याचं नाव झालं होतं.

“माझा आवाज कशाला पाहिजे रे तुला?”

“खेळात घालायचाय. मोबाइलवरचा खेळ आहे, बाबा, मी बनवलेला. देशोदेशीचे लोक खेळतात.” हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली. “तुमचा तकियाच आहे त्यात. अंगण आहे, रांजण आहे, मोठा लिंब आहे. तुम्हीसुद्धा आहात.”

“मी पण?”

“ओट्यावर बसलेले.”

“आन् काय करतो मी?”

“काही नाही. बसता.”

“मग बराबर काढलास,” बाबा म्हणाले आणि मनापासून हसले. “खेळणारा काय करतो?”

“अंगण झाडतो. रांजण भरतो. मांजराला दूध घालतो. मग लिंबाखाली बसतो.”

“जिंकतो कधी?”

“जिंकायचं नसतंच.”

“मग हरतो?”

“हरायचंही नसतं.”

“मग खेळ कशाचा म्हणायचा?”

या प्रश्नाचं उत्तर विश्वंभरने बऱ्याच मुलाखतींतून दिलं होतं, त्यामुळे ते त्याला तोंडपाठच होतं.

“बाबा, माणसाच्या मागे दिवसभर कोणीतरी लागलेलं असतं. साहेब, घर, पोरांची शाळा. कितीही करा, काम संपत नाही. इथे झाडलेलं अंगण झाडलेलं दिसतं. भरलेला रांजण भरलेला दिसतो. चुकलं तर कोणी ओरडत नाही. लोक तेवढ्यासाठी येतात.”

बाबांनी मान डोलावली. उत्तर त्यांना पटलेलं दिसलं.

“आन् बनवणाऱ्याला काय मिळतं?”

हे मात्र त्याला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मुलाखत घेणाऱ्यांनाही सुचलं नव्हतं.

“ऑफिस सुटल्यावर बसायचो,” तो म्हणाला. “खराटा मातीवरून कसा वाजतो, वाळलेली पानं कशी वाजतात… कोणी सांगितलं नव्हतं, तरी त्यातच किती दिवस घालवायचो. बनवताना बरं वाटायचं. इथे येऊन बसल्यासारखं.”

“मग यायचं होतंस.”

“वेळ कुठे होता, बाबा? खेळच बनवत होतो ना.”

बोलून गेल्यावर त्याला आपलंच बोलणं ऐकू आलं. त्याने दोरी उगाच जोरात ओढली.

“हळू,” बाबा म्हणाले.

…

रस्त्यावरून एक बाई आली. डोक्यावर गाठोडं, पायात स्लीपर. तिने गाठोडं ओट्यावर टेकवलं, रांजणातलं पाणी प्यायली, थोडं तोंडावर मारलं. मग पदराने वारा घेत बसून राहिली. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि परत दोरीत लक्ष घातलं. जरा वेळाने ती उठली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि निघून गेली.

“कोण होती?” विश्वंभरने विचारलं.

“काय माहीत.”

“नेहमी येते?”

“येत असंल.”

विश्वंभरला हसू आलं. धंद्याच्या हिशेबाने बाबा अगदी कुचकामी होते.

“आमचंही सुरुवातीला असंच होतं,” तो म्हणाला. “लोक यायचे, झाडायचे, बसायचे, खूश होऊन जायचे. परत यायचेच असं नाही. माझा भागीदार म्हणाला, समाधान झालेला माणूस परत येत नाही. त्याला जरा चुटपुट लागली पाहिजे.”

“मग लावलीस?”

“लावली. माणूस बरेच दिवस फिरकला नाही, की अंगणात पानं साचतात. रांजण आटतो. मांजर वाळत जातं. आणि तो परत आला की ओट्यावरून तुम्ही म्हणता…”

“काय म्हणतो मी?”

विश्वंभर घुटमळला. “तेच. इतके दिवस कुठे होतास.”

बाबांचे हात थांबले.

“लोक यायला लागले का मग?”

“लागले. भरपूर. रोज यायला लागले.”

“मग झालं की. आता आवाज कशाला?”

आता त्याला गप्प बसावंसं वाटत होतं. पण हातात दोरी होती, ती सोडून उठता येत नव्हतं. शिवाय खरं कारण दुसऱ्या कोणापाशी बोलण्यासारखंही नव्हतं.

“सुमित्राताईमुळे,” तो म्हणाला.

सुमित्राताई म्हणजे त्याची थोरली बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर. धाकट्या भावाने बनवलेला खेळ म्हणून तिने तो मोबाइलवर घेतला आणि मग तिला त्याची सवयच लागली. ड्यूटीवरून घरी आली, की चप्पल काढायच्या आधी बाहेरच्या पायरीवर बसून ती अंगण झाडायची. फोनवर सांगायची, ‘विसू, तुझ्या त्या लिंबाखाली मला कोणी सिस्टर म्हणून हाक मारत नाही बघ.’ एवढं कौतुक त्याचं कोणत्याही बक्षिसाने केलं नव्हतं.

“मग आबा आजारी पडले,” विश्वंभर म्हणाला. “उठणं-बसणं सगळं बंद. ताईनंच स्वतःच्या घरी नेऊन केलं. घरी आबा आणि दवाखान्यात बाकीचे. मी… येऊन जाऊन होतो.”

बाबांनी पट्टीखालून दोरी ओढून घेतली.

“म्हणजे आलो दोनदा. एकदा ते होते तेव्हा, आणि एकदा…” त्याने वाक्य सोडून दिलं. “सगळं उरकल्यावर, पाहुणे गेल्यावर ती एक दिवस पायरीवर बसली आणि खेळ उघडला. अंगणात पानांचा ढीग होता. रांजण कोरडा. मांजराची हाडं दिसत होती. आणि ओट्यावरून तुम्ही तिला विचारलंत, इतके दिवस कुठे होतीस?”

…

“ती काय म्हणली?”

“मला फोन केला. रागावली नाही. नुसतं म्हणाली, ‘इथंसुद्धा जाब द्यायचा का रे, विसू?’ त्यानंतर तिनं तो उघडलाच नाही.”

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. तो लांब जाईपर्यंत दोघंही थांबले.

“मी फार विचार केला, बाबा,” विश्वंभर घाईने म्हणाला. “चूक शब्दांची नाही. ते पडद्यावर नुसतं लिहिलेलं दिसतं, म्हणून टोचतं. तुमच्या आवाजात आलं तर कोणालाच टोचणार नाही. माया वाटेल त्यात. ताईलाही वाटेल.”

“हे वाक्य माझं नाही, विसू.”

“माहीत आहे. मीच लिहिलंय.”

“तुझं पण नाही. तुझ्या आबाचं हाय. ‘इतका वेळ कुठं होतास?’ दारात उभं राहून म्हणायचे ते. मला इथपर्यंत ऐकू यायचं.”

इतक्या वर्षांत हे विश्वंभरच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या प्रश्नापासून पळून तो इथे यायचा, तोच त्याने नेऊन बाबांच्या तोंडी घातला होता.

पण हार मानणं त्याच्या अंगात नव्हतं.

“आबा दरडावून विचारायचे,” तो म्हणाला. “तेच प्रेमानं विचारलं, की वेगळं होतं.”

“होतं?”

“होतं.”

“मग म्हण बघू. प्रेमानं.” बाबांनी दोरी मांडीवर ठेवली आणि त्याच्याकडे तोंड केलं. “मला म्हण.”

विश्वंभर हसला. मग बाबा हसत नाहीत हे पाहून त्याने घसा खाकरला. आवाज जमेल तेवढा मऊ केला.

“इतके दिवस कुठे होता, बाबा?”

बाबांनी प्रश्न खरा मानला. जरा आठवल्यासारखं केलं.

“इथंच,” ते म्हणाले.

…

विश्वंभरने नजर चुकवली आणि तेव्हा कुठे त्याला तकिया दिसला. अंगण निम्म्याने उरलं होतं. उरलेल्या अंगणाच्या कडेला डांबरी रस्ता आला होता. ज्या पत्र्याच्या सावलीत आपण सकाळपासून बसलो आहोत, तो पत्रा इथे पूर्वी नव्हता. इथे लिंब होता. खेळातला लिंब अजून हिरवागार होता, त्याचं एकेक पान त्याने हाताने रंगवलं होतं. आणि खरा लिंब दिसत नाही हे त्याच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

“लिंब कधी पाडला?”

“रस्ता रुंद केला तव्हा.”

बाबांचा उजवा पाय सरळ पसरलेला होता. सकाळपासून त्यांनी तो एकदाही दुमडला नव्हता.

“आणि पाय?”

“त्याच्या पुढल्या साली. रांजण भरताना पडलो.”

“मला कळवायचं तरी, बाबा!”

“कळवून?”

कळवलं असतं तर आपण काय केलं असतं, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. फोन केला असता. डॉक्टरचं नाव सुचवलं असतं. या महिन्यात जमत नाही, पुढच्या महिन्यात नक्की येतो म्हणाला असता. आबांच्या वेळीही हेच म्हणाला होता.

“आठवण तरी यायची का माझी?” त्याने विचारलं. आवाज लहान पोरासारखा निघाला, आणि त्याची त्याला लाज वाटली नाही.

“यायची की. लई यायची.”

“मग निरोप का नाही धाडला?”

“धाडला असता तर तू आला असतास.”

“आलो असतो! खरंच आलो असतो, बाबा.”

“म्हणून नाही धाडला.”

विश्वंभर त्यांच्याकडे पाहत राहिला. रागावले असते तर बरं झालं असतं. माफी मागता आली असती, पाया पडून मोकळं होता आलं असतं. पण इथे कोणी त्याच्यावर रागावलेलंच नव्हतं, आणि त्यामुळे गेलेली सगळी वर्षं त्याच्या एकट्याच्या अंगावर आली.

बाबा परत विणायला लागले. त्यानेही दोरी उचलली आणि ताणून धरली. बाजेची चौकट हळूहळू भरत गेली. मधे कधीतरी पुण्याहून फोन वाजला, वाजत राहिला, बंद झाला. निघायची वेळ कधीच टळून गेली होती.

शेवटची गाठ बाबांनी त्यालाच मारायला लावली. ती सुटली. त्याने परत मारली. बाबांनी हाताने दाबून पाहिली आणि ठीक म्हणून मान हलवली.

“ते वाक्य मी काढून टाकतो,” विश्वंभर म्हणाला. “आजच. पानं साचणार नाहीत, रांजण आटणार नाही. कोणी वर्षानं आलं तरी सगळं होतं तसं सापडेल. भागीदार भांडेल, भांडू दे. लोक कमी येतील, येऊ देत.”

“बरं.”

“पण ताईचं काय? तिला कसं सांगू, की आता तिथं कोणी काही विचारत नाही? ती परत उघडेल का, बाबा?”

बाबा बाजेला धरून सावकाश उठले. पायावर भार देताना त्यांचा चेहरा आक्रसला. विश्वंभर हात द्यायला पुढे झाला, तसं त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

“ड्यूटीवरून दमून येते म्हणलास ना ती?”

“हो. रोज.”

“मग आता कुठं टेकते?”