तांब्यातले गढूळ पाणी

फार पूर्वी एका डोंगराच्या कुशीत एक तलाव होता आणि तलावाच्या खाली एक गाव होते. दोघांच्या मध्ये होता तो फक्त मातीचा बांध. म्हणजे गावातला प्रत्येक जण रोज पाण्याच्या पातळीखाली झोपत असे. पण सवय झाली की माणूस कशाखालीही झोपतो.

झोप येत नसे ती एका गुरुजींना. त्यांच्या शाळेत बांधाची राखण शिकवली जाई. वर्ग असा नव्हताच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना घेऊन गुरुजी रोज सकाळी बांधाच्या पायथ्याने अनवाणी चालत. कुठे ओल आली आहे, कुठे खेकड्याने बीळ केले आहे, हे आधी पायांना कळले पाहिजे असे त्यांचे म्हणणे. बांधाखाली गोड पाण्याचा एक झरा होता. तिथे थांबून तांब्याभर पाणी घ्यायचे आणि उजेडात न्याहाळायचे.

"मातीचा बांध थोडा पाझरतोच," गुरुजी सांगत. "पाझर स्वच्छ असला तर घरी जाऊन भाकरी खा. गढूळ असला तर पाणी आतून बांध खातंय. मग तुमची भाकरी विसरा."

पुढे राजाच्या दरबारात शिक्षणाचे खाते निघाले. खाते निघाले की नियम निघतात. पहिला नियम असा: छताखाली होते ते शिक्षण, उघड्यावर होते ते भटकणे. भटकणाऱ्यांची गैरहजेरी मांडावी. आणि वार्षिक परीक्षेत ज्या शाळेचा निकाल शून्य लागेल, ती शाळा बंद करावी.

गुरुजी घाबरले. शाळा बंद झाली तर बांधाकडे पाहणारे कोणीच उरणार नाही, असा विचार करून त्यांनी शाळा वाचवली आणि बांधाकडे पाहणे बंद केले.

एक खोली उभी राहिली. खोलीत एक मेज आले आणि मेजावर मातीचा हातभर लांबीचा बांध आला, छान रंगवलेला. त्या बांधाने वर्षभरात एकदाही त्रास दिला नाही. मुले त्याच्याभोवती बसून पुस्तकातून पाठ करत: "पाझर गढूळ झाल्यास वाळू घालावी, वाळूवर खडी, खडीवर दगड. पाणी जाऊ द्यावे, माती धरून ठेवावी." त्या वर्षी नव्याने आलेला पाटलाचा मुलगा हे एका दमात म्हणे. त्याच्याकडून एक काना चुकत नसे.

त्या साली पाऊस उदंड झाला. तलाव काठोकाठ भरला.

"एकदा बघून या ना बांध," गुरुजींची बायको म्हणाली.

"परीक्षा तोंडावर आलीय. सकाळी उजळणी, संध्याकाळी उजळणी. ती एकदा उरकली की जातोच."

"आणि बांधाची परीक्षा कधी आहे?"

गुरुजींनी ऐकू न आल्यासारखे केले. ही विद्या त्यांनाही अवगत होती.

परीक्षेच्या दिवशी राजाचे तपासनीस छकड्यातून आले. प्रवासाने त्यांच्या घशाला कोरड पडली होती. शाळेतली सर्वांत जुनी विद्यार्थिनी, कुंभाराची मुलगी, तांब्या घेऊन झऱ्यावर धावली.

परत आली ती चालत. तांब्या दोन्ही हातांनी धरलेला.

तपासनीसांनी आत डोकावून पाहिले. "हे पाणी गढूळ आहे."

"फडक्यातून दोनदा गाळलंय साहेब," मुलगी म्हणाली. पण ती पाहत होती गुरुजींकडे. "तरी असंच."

"ठेव तिथे. निवळेल. घंटा द्या."

घंटा झाली. प्रश्न वाचून दाखवले गेले. तिसरा प्रश्न होता: बांधाखालचा पाझर गढूळ झाल्यास काय करावे? सविस्तर लिहा.

बोरू कुरकुरू लागले. गुरुजींची नजर तांब्यावरून हलेना. एखादे जनावर झऱ्यात उतरले असेल, असे त्यांनी स्वतःला सांगितले. मग सांगितले की म्हशीच उतरल्या असतील. मग त्यांना आठवले की झऱ्याला काट्यांचे कुंपण आहे आणि ते त्यांनीच घातले आहे. त्यांनी हळूच तांब्या कलता करून पाहिला. तळाशी बोटभर माती बसली होती. एवढ्याशा पाण्यात एवढी माती, तर सकाळपासून किती गेली असेल? मुले उठली तर शाळा गेली. मुले बसली तर...

समोर कुंभाराच्या मुलीचा कागद कोरा होता.

"गुरुजी," ती हलकेच म्हणाली, "तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं की करायचं?"

"परीक्षेत बोलायचं नाही," तपासनीस म्हणाले. "आणि घंटेआधी जो जागेवरून उठेल, तो नापास. तासाभराचा तर प्रश्न आहे."

गुरुजी उभे राहिले. "साहेब, बांधाला घंटा ऐकू येत नाही. उठा रे सगळे. टोपल्या घ्या."

झऱ्याशेजारी मनगटाएवढे भोक पडले होते. त्यातून तपकिरी पाणी उसळत होते आणि भोवती वारुळासारखा मातीचा ढीग साचला होता. वर तलाव, खाली दोनशे घरांच्या चुली पेटलेल्या. गुरुजींनी दोन पोरे तलावाचे पाणी बाजूला सोडणारी मोरी उघडायला पिटाळली. बाकीच्यांना काय आणायचे ते सांगावे लागले नाही. सगळ्यांना पाठ होते.

सर्वांत आधी पाटलाचा मुलगा धापा टाकत आला आणि त्याने टोपली ओतली. ओतलेले सगळे क्षणात वाहून गेले. भोक थोडे रुंदावले.

"मी वाळूच घातली," तो पांढराफटक पडून म्हणाला.

कुंभाराच्या मुलीने टोपलीत उरलेली चिमूटभर माती बोटांत चोळली. "हा पोयटा आहे रे. याची मडकी होतात. वाळू हाताला टोचते."

"पुस्तकात टोचते असं नव्हतं."

"पुस्तक वाहून जात नाही ना. चल, ओढ्याच्या वळणावर आहे, दाखवते."

वाळू आली. चरचरीत, टोचणारी. तिच्यावर खडी, खडीवर दगड. साखळी करून टोपल्या फिरू लागल्या. मधल्या एका टोपलीला हात लावणारे कोण, म्हणून गुरुजींनी पाहिले तर धोतर खोचलेले तपासनीस. परीक्षकाने दगड वाहू नयेत असे नियमात कुठे लिहिलेले नव्हते.

मग करण्यासारखे काही उरले नाही, आणि तोच सर्वांत वाईट वेळ होता. कुंभाराची मुलगी दगडांखालून येणारे पाणी तांब्यात धरी, न्याहाळी आणि ओतून देई. पहिला तांब्या तपकिरी. दुसराही तपकिरी. तिसरा ताकासारखा. चौथा पुन्हा तपकिरी वाटला, तेव्हा पाटलाचा मुलगा मटकन खाली बसला. पाचव्यात पाणी नुसते धुरकट होते. सहाव्यात तांब्याचा तळ दिसला.

कोणी जल्लोष केला नाही. त्याला श्वास लागतो.

तपासनीसांनी तो सहावा तांब्या हातात घेतला आणि सगळा पिऊन टाकला. मग ते खोलीवर परतले आणि त्यांनी अहवाल लिहिला, कारण अहवाल कुणाला चुकत नाही. निकालाच्या रकान्यात लिहिले: शून्य. कारण: परीक्षार्थी जागेवर नव्हते. बोरू खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिले: म्हणून गाव जागेवर आहे.

महिनाभर गुरुजी शाळा बंद होण्याची वाट पाहत राहिले. मग दरबारातून हुकूम आला. "सदर शाळेपुरता बांध हाच वर्ग समजावा. छत नसल्याबद्दल खुलासा मागू नये."

दुसऱ्या दिवशी पाटलाच्या मुलाने जोडे काढून बांधाखाली पहिले पाऊल टाकले. काटा रुतला, तेव्हा तो उपटून पुढे चालू लागला. मेजावरचा रंगीत बांध खोलीतच राहिला. त्याच्यावर मग गुरुजींची बायको पापड वाळत घालू लागली.

गुरुजींना त्यानंतरही झोप लागत नसे. पण त्यांच्या तांब्यात रोज सकाळी चौदा जण डोकावून पाहत, त्यामुळे ती काळजी चौदा ठिकाणी वाटली गेली.

तात्पर्य: गाव मातीच्या बांधाखाली असेल तर मुलांच्या पायांना माती लागू द्यावी, नुसते पाठ केलेले उत्तर पाण्याला अडवत नाही.