गाढवांचं बंधुमंडळ आणि झेंडूचा हार

मंडळाच्या वाढदिवसाला दोन शब्द बोला म्हणून आठवडाभर माझं डोकं खाल्लंत. मला भाषण येत नाही. गोष्ट येते, ती ऐका.

फार पूर्वी नदीकाठच्या गाढवांनी बंधुमंडळ काढलं. भावाचं ओझं ते आपलं ओझं, अशी शपथ सगळे रोज मोठ्यानं ओरडायचे. पण जो मान्यवर होई, त्याला ओझं माफ. होता होता सहा मान्यवर झाले आणि साधा सभासद एकटा तांबू उरला. वाळूच्या साऱ्या गोण्या त्याच्याच पाठीवर.

"अध्यक्ष, एक गोणी तरी घ्या. मरेन हो मी!"

"मेलास तर शोकसभा घेऊ, भावा," अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांबू झेंडूचा हार घेऊन आला. "आज महामान्यवर निवडायचा. जास्तीत जास्त गोण्या पलीकडे नेईल, त्याला हार!"

झालं, सहाही जण गोण्यांवर तुटून पडले. तीन गोण्यांखाली वाकलेल्या अध्यक्षांनी पलीकडच्या काठावर मान पुढे केली. "घाल हार."

तांबू शेवटचं फूल चघळत म्हणाला, "मोकळ्या पाठीनं चाललं की भूक फार लागते, अध्यक्ष."

ही गोष्ट कुणावरून, ते विचारू नका. आपला अध्यक्ष सोपान कुंजीर मात्र अजून माझी माफी मागायचाय.