वाळीवाला मासा

सातपुड्यातल्या खडकापाणी पाड्यावर विजेच्या तारा कधी पोचल्याच नाहीत. तेव्हा पाड्याने आपल्या ओढ्यावरच छोटं वीजघर बांधायचं ठरवलं. चक्की आली की जात्याची कटकट संपेल, म्हणून पाड्यावरच्या देडलीबाईने बायका गोळा करून पाटसुद्धा खणला. घोडं अडलं ते मंजुरीपाशी.

मंजुरी देणारे इनामदारसाहेब डोंगर चढून आले ते घामाघूम आणि चिडलेले. ओढ्यातल्या डोहाकाठी फतकल मारून म्हणाले, "उन्हाळ्यात हा ओढा आटत असणार. दहा वर्षं वाहतोय याचा पुरावा द्या, नाहीतर अर्ज इथेच फाडतो!"

देडलीबाईने डोहात मूठभर ज्वारी टाकली. हातभर लांबीचा एक मासा वर आला. त्याच्या ओठात पितळेची वाळी चमकत होती.

"आमच्यात नवरी या डोहातल्या एका माशाला वाळी घालते, साहेब. मग त्याला कोणी मारत नाही. ही माझ्या लग्नातली. आता माझी पोर लग्नाला आलीय. ओढा एकदा जरी आटला असता, तर हा जगला असता का?"

पण साहेब हार कसली मानतात! "हॅ! दरवर्षी खालच्या नदीतून चढून येत असेल."

देडलीबाईने डोहाच्या पुढेच ताडाएवढ्या कड्यावरून खाली नदीकडे कोसळणाऱ्या धबधब्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

"तसं असेल तर अर्ज खुशाल फाडा. एवढा कडा चढणारा मासा घरचा असताना यंत्र हवंय कुणाला? चक्कीला त्यालाच जुंपू!"

साहेबांचा शिपाई फिस्सकन हसला. साहेबांनी मुकाट्याने सही केली, आणि उतरताना धबधब्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.