कुरणातला नवस

एका माळावर एक कुरण होतं. एका गुरंवाल्यानं मरताना ते हरणांना, पाखरांना आणि तिथल्याच मातीतल्या गवताला सोडून दिलं होतं. फाटकाला कुलूप नव्हतं. कुणीही यावं, डोळे भरून बघावं, जावं. नियम एकच: येताना-जाताना राखणदार म्हातारीला दोन्ही रिकामे हात दाखवायचे.

एकदा तिथं एक धान्याचा व्यापारी आला. मनानं मऊ हो, पण भारी हट्टी! त्याची एकुलती एक लेक तापानं फणफणली, तेव्हा तो नवस बोलला होता, "पोरगी उठू दे, रानातल्या मुक्या जिवाला पोटभर गूळ-गहू घालीन." पोरगी उठली, खेळायला लागली. आता नवस फेडला नाही आणि ताप उलटला तर? या धास्तीनं त्याला अन्न गोड लागेना.

"पिशवीत काय, शेठ?" म्हातारीनं विचारलं.

"गूळ-गहू, आजी. हरणांना."

"न्हाई जमायचं. त्यांचं ताट माळावर वाढलेलं हाय."

"अहो, चांगला बन्सी गहू आहे! आम्ही घरी खातो तोच!"

"म्हणूनच न्हाई."

शेठ मागं फिरला. बैलगाडीच्या आड जाऊन त्यानं सगळा गूळ-गहू उपरण्यात बांधला, कमरेला गुंडाळला, वर अंगरखा ओढला आणि येऊन दोन्ही हात दाखवले. हात तर रिकामेच होते की! म्हातारीनं आत सोडलं.

बोरीच्या आडोशाला एक हरणी चरत होती, शेजारी दूधपितं पाडस. शेठनं ढीग ओतला आणि लांब जाऊन उभा राहिला. हरणी बिचकली, मग हुंगलं, मग अशी तुटून पडली की दाणा ठेवला नाही. शेठचे डोळे भरून आले. "फिटला रे देवा नवस!"

दुसऱ्या दिवशी तो मोठ्या हौसेनं लेकीला घेऊन आला. बोरीजवळ पोचला, तर काय! हरणी आडवी पडली होती. पोट टम्म फुगलेलं, पाय ताठ, तोंडाशी फेस. पाडस तिच्या आचळाला ढुशा देत होतं.

"अगं आई गं!" शेठ हरणीवर वाकला. "कुणी विष घातलं हिला?"

म्हातारी धावत आली. फेसातला एक दाणा उचलून तिनं त्याच्या तळहातावर ठेवला. "गवत खाणाऱ्या पोटात एवढा गहू आंबतो, शेठ. फुगतो."

शेठनं तो दाणा मुठीत आवळला. "मी... मी नवस फेडला, आजी. पोरीसाठी."

"नवस तुमचा हुता. प्वाट तिचं हुतं."

लेक पांढरीफटक पडली होती. "बाबा, मी बरी झाले म्हणून पाडसाची आई मेली?"

म्हातारी पाडसाला उचलून आपल्या दुभत्या शेळीकडं घेऊन निघाली, तसे बाप-लेकही मागून चालू लागले.

फाटकाशी म्हातारी थांबली. लेकीनं दोन्ही हात दाखवले. शेठनं एक दाखवला. दुसरा काही केल्या उघडेना. मुठीत तो दाणा होता.

तर मंडळी, तात्पर्य एवढंच: कुणाला घास भरवायचा, तर आपल्या समाधानाआधी त्याच्या पोटाचा विचार करावा.