गच्च बसलेलं झाकण

डबे बोलायचे आणि चमचे भांडायचे, त्या काळातली ही गोष्ट. एका शाळेत मधल्या सुट्टीत सगळे डबे गोल करून बसायचे. एक दिवस मंजिरीच्या छोट्या डब्याचं झाकण काही केल्या निघेना. मंजिरीला तर सपाटून भूक लागलेली.

"ए घुम्या, उघड की! भाव खातोय नुसता," लांबट डबा म्हणाला.

"थांबा, मीच बघतो याच्याकडे," म्हणत चमच्याने टोक खुपसलं. डब्याला पोचा पडला, झाकण मात्र तसंच.

शेजारी चुलीवर खिचडीची तपेली होती. ती म्हणाली, "छळू नका रे त्याला. बाळा, सकाळी काय झालं?"

"मावशी, घरी फार घाई होती. वाफाळती भाजी कोंबली आणि वरून झाकण दाबलं. मला उघडायचंय हो, पण जमतच नाही."

"मग ये, टेक जरा माझ्याजवळ."

डबा तिच्या उबेला टेकून बसला. थोड्या वेळाने 'टप्' झालं आणि झाकण आपोआप सुटलं.

"अरे वा, बटाट्याची भाजी! दे की थोडी," लांबट डबा म्हणाला.

"घे. पण आधी घुम्या म्हणायचं सोड!"

मंजिरीने घरी जाऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई भाजी भरायची, वाफ जाऊ द्यायची आणि मगच झाकण लावायची. तेवढ्या वेळात मंजिरी ओट्याशी उभी राहून तिला शाळेतलं काय काय सांगायची.